सुईआधीचं गाऱ्हाणं

मला गाता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षभरात "अगं, गाणं म्हण ना तिला, मुलं गाण्यानं ऐकतात" असं ज्या ज्या माणसानं मला सांगितलं, त्या प्रत्येकाला मी मनातल्या मनात चाळीच्या जिन्यावरून ढकलून दिलेलं आहे. त्यात समोरच्या खोलीतल्या काकू आहेत, ऑफिसातली मैत्रीण आहे आणि नवऱ्याची आतेबहीण आहे. तिनं तर व्हॉट्सअ‍ॅपवर बालगीतांची अशी लांबलचक यादी पाठवली की ती वाचायलाच मला अर्धा दिवस सुट्टी टाकावी लागली असती.

माझी मुलगी रेवा साडेचार वर्षांची असताना तिला टाइप वन डायबेटीस झाला. म्हणजे दिवसाला चार वेळा इन्शुलिनचं इंजेक्शन, सहा-सात वेळा बोटाला टोचून साखर बघणं, आणि हे कायमचं. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी मी लिहितेय. औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. आमच्या घरात गाण्याचं काय झालं, एवढंच सांगते. आधी पार वाट लागली, मग थोडं जमलं.

गादी

आम्ही लालबागला राहतो. दुसरा मजला, दोन खोल्या, पुढे सगळ्यांची मिळून गॅलरी. मी, नवरा संदेश, रेवा आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा गोदीतून रिटायर झालेले, गाव मालवणकडचं. मी ठाकूरद्वारची. आमच्याकडे कुणी मोठ्यानं शिंकलं तरी आई म्हणायची, "हळू, शेजारी आहेत." इथे शेजारी मोठ्यानं बोलत नसले तर लोक चौकशीला येतात.

आजार कळायच्या आधीच्या महिन्यात रेवा रोज गादी ओली करायला लागली. दोन वर्षं ही भानगड नव्हती. मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या घाईत ती गादी उचलून गॅलरीच्या कठड्यावर टाकायची, आणि अख्ख्या मजल्याला कळायचं. मी वैतागून जायची. एकदा सगळ्यांसमोर मी तिला म्हणाले, "एवढी मोठी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" ती आत जाऊन पुन्हा पाणी प्यायली. ती तेव्हा सारखं पाणीच पीत होती, आणि मी म्हणत होते की पाणी ढोसतेस म्हणून गादी भिजते. उलट आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फ्रॉक ढगळ व्हायला लागले तेव्हा मी म्हणाले, उंची वाढतेय.

मग एका सकाळी तिला दोन उलट्या झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला आणि हाक मारली तरी ती डोळे उघडेना. टॅक्सीनं परळला हॉस्पिटलात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शू जास्त होते का?" आणि मी, माझी अक्कल बघा, तिची तक्रार करायला लागले. "हो ना, रोज गादी, किती ओरडले तरी ऐकत नाही." डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि रेवाच्या बोटाला टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' आलं. संदेश मला हळूच म्हणाला, "हॅलो म्हणतंय का?" हसू नका. त्या क्षणी आम्हाला दोघांनाही खरंच कळलं नव्हतं की साखर त्या मशीनच्या आवाक्याबाहेर गेलीय.

माशी

आयसीयूत तीन दिवस, मग वॉर्डात पाच. वॉर्डात सगळं घड्याळावर. सहाला टोच, आठला टोच, मग डबा, मग राउंड, मग पुन्हा टोच. पलीकडच्या खाटेवरच्या मुलाची आजी रोज मला अर्धा कप चहा द्यायची आणि काही विचारायची नाही. त्या बाईचं नावही मला माहीत नाही. पण आठ दिवसांत जिनं मला सल्ला दिला नाही अशी ती एकटीच.

तिथल्या समुपदेशक मॅडमनी सांगितलं, टोचताना मुलीचं लक्ष दुसरीकडे न्या, तिच्या आवडीचं एखादं गाणं म्हणा. मला एकच गाणं येत होतं, तेही मीच जुळवलेलं. चाल म्हणाल तर पाढे म्हणतात ती. रेवाला झोपवताना म्हणायचे:

माशी चढली बसमध्ये,
तिकीट नाही खिशामध्ये,
कंडक्टर म्हणे, उतर, उतर!
माशी म्हणे, पकड तर!

'पकड तर'ला मी तिचं नाक पकडायचे आणि ती खिदळायची. तेवढंच आमचं संगीत. तर मी ते गाणं म्हणायला लागले. सिस्टर हुशार. तिनं बरोब्बर 'पकड तर'ला सुई घातली. रेवाचं नाक माझ्या हातात आणि दंडात सुई. पहिल्यांदा ती दचकली. दुसऱ्यांदा 'उतर, उतर'लाच किंचाळली. तिसऱ्या दिवशी मी नुसतं "माशी" म्हणाले तर तिनं दोन्ही हातांनी नाक झाकलं आणि खाटेखाली जाऊन बसली.

सिस्टरची काही चूक नव्हती. चूक माझी. रेवाकडे हक्काची अशी एकच गंमत होती, ती मी सुईला जोडून दिली. घरी आल्यावर तिला झोपवताना मी सवयीनं सुरू केलं, तर ती म्हणाली, "तू गाणं नको म्हणू. तू गाणं म्हणतेस आणि टोचतेस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला त्या वेळी जे वाटलं ते अजून वाटतं. मी माझ्या पोरीला फसवलं होतं.

सांगितलं की टोचता

घरी रोज चार वेळा कुस्ती. संदेश पाय धरायचा, मी सुई, रेवा किंचाळायची. आबा चप्पल घालून गॅलरीत निघून जायचे. त्यांना बघवायचं नाही. मला राग यायचा की यांना जायला गॅलरी तरी आहे. संदेशचं आणि माझं त्या दिवसांत सुई सोडून दुसऱ्या कशावर बोलणं झाल्याचं आठवत नाही, आणि जे व्हायचं ते धड नसायचं. "घट्ट धर ना रे!" "धरतोय ना, तू लवकर कर!" वर येणारे-जाणारे आहेतच. "एवढ्याशा पोरीला शुगर? चॉकलेटं फार दिलीत का?" एकानं कारल्याचा रस आणून दिला. अहो, तिच्या शरीरात इन्शुलिन बनतच नाही, कारलं काय करणार त्यात!

पण खरी भीती सुईची नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं की इन्शुलिनमुळे साखर कधी एकदम खाली जाईल. हातपाय थरथरतील, घाम येईल, गरगरेल. लगेच गोड दिलं तर पाच-दहा मिनिटांत ठीक, नाहीतर बेशुद्ध पडेल. आणि हे पहिल्यांदा तिलाच कळणार. तिनं सांगायला हवं.

ती सांगत नव्हती. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच टीचरचा फोन आला. रेवा बाकावर डोकं ठेवून पडली होती, टीचरला वाटलं झोपली. घामानं फ्रॉक ओला झालेला दिसला तेव्हा ग्लुकोज दिलं, म्हणून निभावलं. घरी आणल्यावर मी विचारलं, "तुला कळलं होतं का, काहीतरी होतंय ते?"

"हो."

"मग टीचरला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की टोचता."

बरोबरच होतं तिचं. सांगितलं की आधी बोटाला टोचूनच बघत होतो आम्ही.

मग मी पुन्हा तोच शहाणपणा केला. 'हात थरथरले, सांगायचं! गरगरलं, सांगायचं!' असं एक गाणं तयार केलं आणि टाळ्या वाजवत तिच्यासमोर नाचले. आरशात दिसले असते तर मीच हात जोडले असते. रेवानं कानांत बोटं घातली.

नारळ

हे सगळं चालू असताना एका संध्याकाळी, जेवणाआधीच्या इंजेक्शनला, आबा गॅलरीतून तरातरा आत आले. रेवा ओरडतेय, संदेशनं पाय धरलेत, मी संदेशवर खेकसतेय. आबा म्हणाले, "बस झाला! रोज ह्या काय चललाहा? माका आता गाऱ्हाणा घालूक होया."

मी सोलकढीसाठी काढून ठेवलेला नारळ त्यांनी उचलला, डोक्यावर टोपी घातली आणि देवाच्या फळीसमोर उभे राहिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्या आवाजात सगळं मांडायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक ओळीला "होय म्हाराजा!" म्हणायचं. मी लग्नात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं भांडण लागलंय.

"रे देवा म्हाराजा!" आबांनी सुरू केलं. "ह्या घरातला ल्हान चेडू तुझ्यापुढे उभा आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" संदेश. पाय अजून हातातच. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप निघालं.

"तेका दिवसाचे चार सुये टोचतत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या बोटांची चाळण झाली, आवस दमली, बापूस दमलो रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी गॅलरीतूनही दोन आवाज आले. मी तोंड मिटून उभी. इथे इन्शुलिनची वेळ टळतेय आणि यांची जत्रा चाललीय.

रेवा मात्र गप्प झाली होती. तिनं विचारलं, "मी सांगू?"

"सांग गो, सांग."

ती उठून बसली. "आई म्हणते दुखणार नाही, आणि दुखतं रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" दोन बाप्ये, खोली हादरेल अशा आवाजात. मला इतका संताप आला! दिवसभर मरमर करते मी, आणि आरोपी पण मीच.

"पप्पा पाय धरतो रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" संदेशनं पाय सोडले.

"मला इंजेक्शन नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

झालं. ती टुणकन खाली उतरली. "सगळे होय म्हणाले! आता नाही टोचायचं!"

मी आबांकडे असं बघितलं की आता निस्तरा. आबा खाली बसले, तिच्या उंचीला आले आणि म्हणाले, "बाय माझे, गाऱ्हाणा म्हणजे हुकूम न्हय. आपण सांगूचा, देवान ऐकूचा. टोचूक तर लागतलाच. पण आधी तुझा सगळा ऐकान घेवया."

तिनं विचार केला. मग म्हणाली, "सगळं ऐकणार? मधे नाही बोलणार?"

"नाय."

तिनं आणखी पाच-सहा गाऱ्हाणी घातली. त्यात समोरच्या काकूंचं मांजर होतं, शाळेतली एक मुलगी होती. मग फ्रॉक वर केला. टोचल्यावर रडली. भरपूर रडली. पण कुणी पाय धरले नव्हते.

मी आता शू करत नाही

दोन-तीन आठवड्यांत रेवानं गाऱ्हाण्याचं गाणं करून टाकलं. दोन टाळ्या आणि होय म्हाराजा. इंजेक्शनची जागा रोज बदलावी लागते, त्याचंही तिनंच जुळवलं. "डावी मांडी सुट्टीवर, उजवी मांडी ड्यूटीवर, होय म्हाराजा!" डावं-उजवं तिला शाळेत येईना, ते इथे आलं. इन्शुलिनचं इंजेक्शन पेनासारखं असतं, त्या पेनवरचे आकडे मोजता मोजता वीसपर्यंत मोजायला लागली. ठाकूरद्वारहून माझी आई आली, तिनं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, देवाची अशी चेष्टा?" मी म्हटलं, तू आबांना सांग. तिनं सांगितलं नाही. जाताना मला म्हणाली, "आवाज जरा कमी ठेवता आला असता." मलाही तेच वाटायचं, म्हणून मी कधी होय म्हाराजा म्हटलंच नाही. टोचणारी मी, ऐकून घेणारे ते. लाड त्यांनी करायचे, काम मी करायचं. धुसफूस होती मनात, उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही.

मग एके दिवशी सकाळच्या इंजेक्शनला रेवा उभी राहिली, दोन टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "मी आता गादीत शू करत नाही, तरी टोचतात रे म्हाराजा!"

आबांनी होय म्हटलं नाही. संदेशनंही नाही.

इतके महिने ती असं धरून चालली होती की सुई ही गादीची शिक्षा आहे. आणि का धरून चालली? कारण गादीवरून ओरडणारी मी, आणि टोचणारीही मीच. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की शू झाली ती आजारामुळे झाली, तुझी चूक नव्हती, चूक माझी होती, मला कळलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तू घोडी का म्हणालीस?" मी रडले नुसती. ती माझे डोळे पुसत होती आणि आबा म्हणत होते, "गो, नाश्त्याची वेळ होता, टोच आधी."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी गॅलरीत खेळता खेळता ती आत आली आणि म्हणाली, "माझ्या गुडघ्यात मुंग्या नाचतात रे म्हाराजा." मशीन लावलं. साखर खाली गेलेली. साखरपाणी प्यायली, पंधरा मिनिटांत पुन्हा बाहेर पळाली. पहिल्यांदा तिनं स्वतःहून सांगितलं होतं. मी बाथरूममध्ये नळ सोडून पुन्हा एकदा रडून घेतलं.

शाळा

आता माझी सगळ्यात मोठी चूक. हे मी शाळेत सांगितलं नाही. डायबेटीसचं सगळं सांगितलं होतं. कागद दिला होता, टीचरच्या कपाटात ग्लुकोजचा डबा ठेवला होता. पण त्या इंग्रजी शाळेच्या एसी ऑफिसात बसून, "मॅडम, माझी मुलगी गाऱ्हाणं घालते, तुम्ही होय म्हाराजा म्हणा," हे माझ्या तोंडून निघेना. लाज वाटली. सरळ लाज वाटली.

मागच्या महिन्यात शाळेतून फोन आला. सगळी मुलं टीचरमागून इंग्रजी कविता म्हणत होती, आणि रेवा मधेच उभी राहिली. दोन टाळ्या वाजवून म्हणाली, "हात माझे लटपटतात रे म्हाराजा!" मुलं हसली. टीचर म्हणाल्या, "रेवा, सिट डाउन." ती बसली नाही. पुन्हा टाळ्या, पुन्हा तेच. टीचरना वाटलं मस्ती करतेय. तिसऱ्यांदा ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

बाहेर पॅसेजमध्ये शाळेतल्या मावशी लादी पुसत होत्या. कणकवलीकडच्या. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "होय म्हाराजा!" आणि मग त्यांना वाटलं, इथे गाऱ्हाणं कोण घालतंय? म्हणून त्यांनी वर्गात डोकावलं. त्यांना रेवाचा चेहरा दिसला, ओठ पांढरे पडलेले. त्यांनी टीचरना हाक मारली.

मी पोचले तेव्हा रेवा मावशींच्या मांडीवर बसून बिस्किट खात होती. टीचर रडवेल्या झाल्या होत्या. "आय थॉट शी वॉज जोकिंग, मॅम." त्यांना कशाला बोलू? मुलीनं तीन वेळा बरोब्बर सांगितलं होतं. तिला जे शिकवलं होतं ते सगळं तिनं केलं होतं. ते कुणाला कळावं याची सोय मी केली नव्हती, कारण मला लाज वाटत होती. मी तिथेच, एसी ऑफिसात उभी राहून, प्रिन्सिपल मॅडमना गाऱ्हाणं म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी लिहून घेतलं. स्पेलिंग विचारलं.

संध्याकाळी जेवणाआधी रेवा उभी राहिली. आबांनी टोपी घातली, संदेश शेजारी येऊन बसला. मी पेनवर नवी सुई लावत होते. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

"मी सांगत होते, आणि वर्गात कुणीच होय म्हणालं नाही रे म्हाराजा."

आबांनी तोंड उघडलं. मी त्यांना हातानं थांबवलं. "होय म्हाराजा," मी हळूच म्हणाले.

रेवानं माझ्याकडे बघितलं. "ऐकू नाही आलं."

मग मी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल असं ओरडले, आणि तिनं फ्रॉक वर केला.